रुचिकाचा डावा डोळा

घेऊन जातो म्हणजे? असं कसं घेऊन जाता, नानाजी? बाप आहे तुमी तिचे, मान्य — पण आता या घरची सून आहे ती. देवळीच्या बाजारात दुकान आहे आमचं, लोक विचारतीन का नाई? बसा पहिले. नाई बसत? मंग उभ्यानं ऐका.

पोरगी देताना सांगतलं होतं तुमी, का हिचा डावा डोळा सदा गळते म्हणून? नाई सांगतलं. लग्नात मले वाटलं, माहेर सुटते म्हणून रडून राह्यली. पण कुठचं काय! सकाळी उठली का डोळ्याले पदर, गिऱ्हाइकाले पाणी द्याले आली का डोळ्याले पदर. गल्लीतल्या बाया काय म्हणतीन? शकुंतलाबाई सुनेले छळते! भुलाबाईची गाणी म्हणाले आल्या, त्यात सासूचं कडवं आलं, आन् साऱ्याच्या साऱ्या माह्याकडे पाहून हासल्या. माह्याच अंगणात! खिरापत न वाटता आत निघून गेली मी.

मंग दवाखान्यात कोणं नेलं? मीनं. तुमी नाई. वर्ध्याचा डॉक्टर म्हणे, डोळ्यातलं पाणी नाकात उतरते तो रस्ता बंद आहे. नवा करून देतो, आन् बुजू नाई म्हणून बारीक, दोऱ्यावानी नळी ठेवतो आत. ठेवली. नळी आहे तवरी धुरात जायचं नाई, डोळा चोळायचा नाई, नाक शिंकरायचं नाई — सून खाटेवर आन् सासू चुलीपाशी! केलं मीनं. काऊन केलं? तिच्यासाठी? छ्या! त्या बायांची तोंडं बंद कराले केलं.

नळी काढली, डोळा कोरडा. आन् थोडे दिवस नाई गेले तं पुन्हा धार! पहिले एकातून यायचं, आता दोन्हीतून. मी गेली भांडाले — असं कसं आपरेशन केलं तुमी? त्यानं पिचकारीनं डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी सोडलं, ते हिच्या घशात उतरलं. म्हणे, रस्ता मोकळा आहे बाई, हे पाणी वेगळं आहे. आन् मले बाहेर बसवलं! मले! आत काय सांगत बसली होती तुमची पोरगी — आन् त्यानं तुमाले फोन काऊन केला?

काय त्रास आहे हिले? फोनले कुलूप आहे, ते काय हिच्या एकटीसाठी आहे? माहेरी नाई धाडलं — कशी धाडू, असा गळका डोळा घेऊन? आन् योगेंद्रचं म्हणान तं, नवरा आहे तो, उचलला असन एखाद्या वेळी हात. त्यालेही मीनंच सांगतलं होतं — डाव्या गालावर मारत नोको जाऊ, नळी आहे तिथं. सांगतलं होतं का नाई? मंग? इतकं कोणती सासू पाहते?

असे काय पाहून राह्यले माह्याकडे?

रुचिका! ये बाहेर. सांग तुह्या बापाले, तुले इथं काय कमी — थैली काऊन घेतली? ठेव ती खाली. मी काय म्हणून राह्यली, ठेव! पाहा नानाजी, पाहा नाटक — जाले निघाली तं एक थेंब नाई. दोन्ही डोळे कोरडे ठण्ण!

जा मंग. जा. दुकानातून नोका जाऊ, गिऱ्हाईक बसलं आहे. मागच्या दारानं जा.