फळ्यावरचं टोपणनाव

लाखनीच्या स्टँडवर, रांगेत उभ्या उषाबाईंच्या मागे एका बाईनं वाचनालयवाल्या भैयाजींना गाठलं होतं.

"भैयाजी, तुमच्या फळ्यावर 'लंगडी कुंता' नावानं कोण लिहून राह्यला?"

"टोपणनाव हाय ते, कुंताबाई. मजाक."

"गावात लंगडी मी एकटीच हाव."

"पण मजकूर चांगला हाय, नळाच्या पाण्याचा."

"मजकूर राहू द्या. नाव पुसा."

"आज हे पुसलं, तं उद्या दुसरा म्हणन, ते बी पुसा."

"मंग मले खडू द्या. खाली लिहीन, कुंता मी हाव, अन् हे मी लिहिलं नाही."

"बाई, मोटार आली. चढा."

"जाऊ द्या मोटार. चला वाचनालयात."

उषाबाईंनी वळून पाहिलं. कुंताबाई काठी टेकत निघाली होती.

"हळू चला," भैयाजी मागून म्हणत होते, "पुसतो ना, बाई."