खोदकामाची परवानगी आणि श्यामराव साहेब

सन्माननीय अध्यक्ष विनायकराव, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती श्यामराव साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या शारदावहिनी, आपल्या मराठी कर्मचारी मंडळाचे सचिव, आणि चार वाजताच टेबल सोडून सभागृहात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी रुचिता, आस्थापना शाखेत लिपिक आहे. साहेबांबद्दल कोण बोलते, असं सचिवांनी विचारलं तेव्हा सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला. सगळे चकित. दोन वर्षांत ही साहेबांशी नमस्कारापुढे बोलली नाही, आता काहून बोलून राहिली? सांगते, जरा धीर धरा.

साहेबांचं काम आपणा सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याला, नळाच्या लाईनीला किंवा सरकारी नालीला लागून कोणी बांधकाम काढलं, तर खोदकामाची परवानगी साहेबांची. नव्या राज्याची राजधानी झाल्यावर या शहरात काय कमी खोदलं गेलं? पण साहेबांनी शाई कधी वाया घालवली नाही. फाईलच्या कडेला पेन्सिलीनं दोन शब्द लिहायचे आणि खालच्या माणसाला म्हणायचं, "समझ गए ना?" काम नीट झालं की वरून शाईची सही. बिघडलं की खोडरबर. हसा, हसा. हे काही गुपित नाही.

दोन हजार चार साली बुढापारा मोहल्ल्यात चार मजली दुकानांची इमारत निघाली. तळघर थेट सरकारी नालीला चिकटून. तिथं आपल्याच कार्यालयाचा सुपरवायझर होता हिरालाल, मूळचा भंडाऱ्याकडचा. तो म्हणाला, "साहेब, नालीच्या भिंतीले धक्का बसते. पहिले आधाराची भिंत घालू द्या, मंग खोदू द्या." साहेबांनी कडेला पेन्सिलीनं लिहिलं, "खोदने दें." हिरालालनं खोदू दिलं. त्याची चूक एवढीच. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याला वाटायचं, साहेबानं लिहिलं म्हणजे हुकूम झाला. कशानं लिहिलं ते त्यानं पाहिलंच नाही.

आठव्या दिवशी नालीची भिंत बसली आणि नळाची मोठी लाईन फुटली. शेजारच्या अंजनाबाईंच्या घरात छातीभर घाण पाणी भरलं. बाई वाचल्या, पण पुन्हा आपल्या पायावर चालल्या नाहीत. चौकशीत फाईल उघडली, तर कड कोरी. साहेब म्हणाले, "मैंने तो मना किया था. हिरालाल बिल्डर से मिला हुआ था." हिरालालची नोकरी गेली.

हिरालाल माझे बाबा.

वहिनी, तुम्ही पाणी घ्या. तुमच्यावर माझा राग नाही.

बाबांनी आठ वर्षं उरला औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलच्या गेटवर बसून ट्रकचे नंबर लिहिले. बीरगांवात आमच्या गल्लीत नाली तुंबली की पोट्टे ओरडायचे, "बुलाओ हिरालाल को!" आईनं, कलावतीबाईनं, लग्नाकार्याला जाणं सोडलं. बाबा एकच म्हणायचे, "बेटा, तिथं लिहिलं होतं." आणि आज चारचौघांत कबूल करते, आम्हालाही ते पुरतं खरं वाटत नव्हतं.

लग्नानंतर माझं आडनाव बदललं. परीक्षा दिली आणि याच कार्यालयात लागली. साहेबांना पत्ताच नाही की ही कोणाची पोट्टी.

तीन महिन्यांपूर्वी आपण नव्या इमारतीत दप्तर हलवलं. नळ शाखेतले भैय्यालालजी बाबांच्या जुन्या ओळखीचे, मी कोणाची ते इथं फक्त त्यांनाच ठाऊक; त्यांना एक जुना गठ्ठा सापडला. नळाची लाईन जवळ होती म्हणून खोदकामाआधी ती फाईल त्यांच्याकडे अभिप्रायाला गेली होती, आणि हाताखालून गेलेल्या प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवायची ही त्यांची खोड. मला बोलावून म्हणाले, "दीदी, ये आपके पिताजी वाला है क्या?" पेन्सिलीचं अक्षर, खाली आवक शिक्का, त्यावर तारीख. मी जिन्यात बसून रडली. मग तोंड धुतलं आणि वरिष्ठांकडे अर्ज केला.

वरिष्ठांनी आरोपपत्र काढलं. पण नियम असा, की इतक्या जुन्या प्रकरणात माणूस नोकरीत असतानाच आरोपपत्राची तामील व्हायला हवी, म्हणजे ते त्याच्या हाती पडायला हवं. निवृत्त झाला की सुटला. साहेबांना कुणकुण लागली. पंधरा दिवस रजा, घराला कुलूप. आमचा शिपाई चार वेळा जाऊन आला. शेजारी सांगतात, "साहब तीरथ गए हैं."

मी म्हटलं, हा माणूस सगळं चुकवेल, पण स्वतःचा सत्कार चुकवेल? म्हणून सचिवांच्या मागे मीच लागली. निरोप शेवटच्याच दिवशी ठेवा, कार्यालयीन वेळेत ठेवा, थाटात ठेवा. पत्रिका मी छापून घेतली. 'कर्तव्यदक्ष' हा शब्दही माझाच. दाराच्या फटीतून ती मीच आत सरकवली. आणि बघा, तीर्थाहून साहेब वेळेवर आले, इस्त्रीचा सफारी घालून!

साहेब, बसा. आत्ता पाचला दहा कमी आहेत, साडेपाचपर्यंत आपण नोकरीत आहात. हे पाकीट आपलं. घेतलं नाही, तर नकार लिहूनही तामील होते. अध्यक्ष आणि सचिव साक्षीला आहेतच. चौकशी करणारे दुसरे आहेत, काय ते ते ठरवतील. मला मात्र सूड पाहिजे होता. खोटं काहून बोलू? आठ वर्षं पाहिजे होता, आणि आज मला लई बरं वाटून राहिलं.

मंडळानं बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी आपली ऋणी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. बाबा, शेवटच्या रांगेत बसले आहात ना, तुम्हीही घाला. तुमच्यावर शंका घेतली, ही माझी चूक सगळ्यांत मोठी; तिची मी हात जोडून माफी मागते.

साहेबांची मागत नाही.