घरचं मत फुटत नाही

खुशालराव : लिहून घे, आचल! शहर विटांनी उभं राहत नाही, शहर दूरदृष्टीनं उभं राहते! ज्या माणसानं दोन खेपा नगराध्यक्षपद भूषवलं, त्याले तुमच्या पुण्याच्या कंपनीचा हा कॉम्प्युटरवरचा पोट्ट्यांचा खेळ काय शिकवणार?

आचल : दूरदृष्टी बरोबर आहे, आबा, पण जवळचा चष्मा लावा. दवाखाना तलावात बांधलाय तुम्ही.

खुशालराव : तलाव हाय तो? मले वाटलं निळे टिनं हायेत.

दुर्गाबाई : राहू दे. पेशंट पोहत जातीन. आचल, माळ्यावरचा कुरड्याचा डबा काढून दे ना बाई. तुह्यासाठीच तळते म्हणलं.

आचल : हात नाही पुरत, आजी. स्टुलावर चढून पाहिलं मघाशी. आपली शिडी कुठे गेली?

दुर्गाबाई : ते आपल्या आबाले इचार.

खुशालराव : तो विषय नाही काढायचा. शिडी जानरावाच्या घरी हाय, अन् त्या माणसाचं नाव या घरात निंगत नाही. चल, खेळ पुढं.

आचल : नुसतं खेळायचं नाही, आबा. जानेवारीत गेमची नवी आवृत्ती बाजारात येतेय. त्यातल्या नव्या गोष्टी खऱ्या वाटतात का, हे एखाद्या खऱ्या पुढाऱ्याकडून तपासून आजच कळवायचंय. म्हणून तर अकोल्याला उतरून सरळ तुमच्याकडे आले.

खुशालराव : ऐकलं काय वं? खरा पुढारी म्हणते. बरं, पहिले सांग, नारळ फोडायचं बटन कुठं हाय?

आचल : हे काय. यंदा नवीनच दिलंय. भूमिपूजन. नारळ फुटला की जनतेची खुशी दहा टक्क्यांनी वाढते.

खुशालराव : वा! अन् काम?

आचल : कामाचं बटन वेगळं आहे. त्याला वेळ लागतो.

खुशालराव : मंग नारळच फोड. पुलाचा फोड. बागेचा फोड.

आचल : बाजारातल्या बायका संडास मागताहेत.

खुशालराव : त्याचाही फोड.

आचल : परत मागताहेत.

खुशालराव : परत फोड.

आचल : तिसऱ्यांदा मागताहेत, आबा.

खुशालराव : अवं, नारळाची काय कमी हाय काय? फोड! पाय, सत्त्याऐंशी टक्के खुशी! अन् हे रस्त्याच्या कडेले काय उगवलं?

आचल : खडीचा ढीग. हेही नवीन. निवडणुकीआधी टाकायचा, निकालानंतर उचलून दुसऱ्या वॉर्डात न्यायचा.

खुशालराव : अरे बाप्पा! हे बाहेर कसं गेलं? हे तं फक्त मले अन् ठेकेदाराले मालूम होतं!

दुर्गाबाई : अन् साऱ्या गावाले.

आचल : मीच सांगितलं कंपनीत. आपल्या दारासमोर होता ना तसा ढीग? लहानपणी मी त्याच्यावरून घसरत होते. म्हणून गेममध्ये खडी टाकली की लेकरांची खुशी वाढते. लेकरांना मत नाही, एवढीच अडचण.

खुशालराव : धूर मारायची मशीन आपल्याच वॉर्डात फिरवता येते काय?

आचल : येते. डास शेजारच्या वॉर्डात जातात.

खुशालराव : हे तं शास्त्र झालं, पोरी! मले कोणं पाह्यलं असं पंधरा वर्षं, लपून? चल, घे निवडणूक. गुलाल तयार ठेव.

आचल : दाबा.

खुशालराव : दाबलं. हे काय आलं? पराभूत? चारशे मतांनी? सत्त्याऐंशी टक्के खुशी असून?

आचल : खुशी वेगळी, मत वेगळं. नारळाची खुशी सहा महिने टिकते. मग नारळ कुठे फुटला आणि तिथे काय उभं राहिलं, हे प्रत्येक माणूस लक्षात ठेवतो. या गेममधली मोठी सुधारणा हीच आहे.

खुशालराव : प्रत्येक माणूस? चूक! लोकाईले इतकं ध्यानात राहत नाही. लिही, चूक.

आचल : लिहिते. आणि आता सगळ्यात नवी गोष्ट. निकालानंतर कोणत्याही घरावर बाण नेला की त्या घरातलं कोण फुटलं ते दिसतं. हिरवं म्हणजे आपलं, लाल म्हणजे गेलं.

खुशालराव : घरोघरचं? माणसागणिक? पोरी, हे बटन मले अकरा सालीच पाहिजे होतं. एका मतानं पडलो मी. तीन खेपा मोजणी झाली, तिन्ही खेपा एकच मत. अन् ते मत जानरावाचं! अकोल्याच्या बशीनं मतदान संपता संपता आला, आत गेला, अन् बाहेर निंगाला तं माह्याकडं पाह्यलंसुदिक नाही. तीस वर्षांची दोस्ती. रोज सकाळचा चहा त्याच्या ओट्यावर. चौदा वर्षं झाली, तोंड नाही पाह्यलं त्याचं.

आचल : समोरच तर राहतात ते.

खुशालराव : म्हणून तं खिडकी लावून ठेवतो. जाऊ दे. हे झेंडेवालं मोठं घर कोणाचं?

आचल : तुमचंच. नगराध्यक्ष निवास.

खुशालराव : मंग ते अर्धं लाल काहून दिसून राहिलं?

आचल : बाण न्या त्याच्यावर. हं... 'मतदार दोन. फुटलेलं मत एक. पत्नी.'

खुशालराव : बिघडलं तुमचं यंत्र!

आचल : कारणही देतोय. 'मागणी : बाजारात बायकांसाठी संडास. नारळ तीन. बांधकाम शून्य.' ती पण बाजारात जाते ना, आबा.

खुशालराव : अशक्य. लिही, अशक्य. ठळक अक्षरात लिही. दुनिया फुटते, घरचं मत फुटत नाही.

दुर्गाबाई : फुटते.

खुशालराव : तू डाळ निवड.

दुर्गाबाई : निवडूनच राहिली. फुटते म्हणलं. मीनं फोडलं.

(माऊस खुशालरावांच्या हातून सुटून टेबलाखाली लोंबकळत राहतो. तो उचलायचं कोणालाच सुचत नाही.)

खुशालराव : काय... काय फोडलं?

दुर्गाबाई : मत. अकरा साली. माणिकबाईले देल्लं.

खुशालराव : माणिकबाईले! ते माह्या विरोधात उभी होती!

दुर्गाबाई : म्हणूनच तं तिले देता आलं. दर रविवारी बाजारात चार-चार घंटे. घरून निंगताना घोटभर पाणी पेत नोहतो आमी बाया. उन्हाळ्यातही नाही. मी नगराध्यक्षाची बायको, मीही नाही. तिथं तुमी तीन खेपा नारळ फोडला, अन् तिन्ही खेपा खोबरं घरी आणलं. त्याची चटणी मीनं वाटली. तिसऱ्या चटणीले ठरवलं.

आचल : आजी!

खुशालराव : अन् मी चौदा वर्षं त्या माणसाले गद्दार म्हणून राहिलो! तू ऐकून राहिली! सांगितलं काहून नाही?

दुर्गाबाई : इचारलं कोणं? साऱ्या वॉर्डाले इचारलं तुमी. दूधवाल्याले इचारलं. लोकाईले देवाची आण घ्याले लावली. मले कधी इचारलं?

खुशालराव : तुले काय इचारायचं होतं! घरचं मत तं...

दुर्गाबाई : तेच तं.

खुशालराव : निदान जानरावाले तरी सांगायचं.

दुर्गाबाई : त्याले दुसऱ्याच दिवशी सांगितलं. म्हणलं, भाऊजी, आळ तुमच्यावर येऊन राहिला, मी सांगून टाकते. तं म्हणे, नका सांगू, वहिनी. खुशालराव दोस्ताबिगर राहू शकते, पण घरचं कळलं तं त्याले जेवण नाही जाणार. माह्यावर राहू द्या. उन्हाळ्यापर्यंत इसरते तो.

खुशालराव : उन्हाळ्यापर्यंत...

दुर्गाबाई : चौदा झाले.

आचल : आबा? पाणी आणू का?

खुशालराव : नको. ते 'अशक्य' लिहिलं ना तू, ते खोड.

आचल : मग काय लिहू?

खुशालराव : लिही, बटन बरोबर हाय. ते लोकाईच्या ध्यानात राह्यचंही बरोबर हाय. अन्... ते खिडकी उघड जराशी. बाहेर हाय काय तो?

आचल : ओट्यावर बसलेत. एकटेच आहेत. इकडे पाहताहेत, आबा. खिडकी उघडलेली पाहून उभेच राहिले.

खुशालराव : माही चप्पल कुठं हाय? दुर्गे, काय बोलू मी त्याले? चौदा वर्षांचं एकदम काय बोलत असतीन माणसं?

दुर्गाबाई : ते तुमचं तुमी पाहा. येता येता तेवढी शिडी घेऊन या.