मागच्या अंगणातली नळी

काकू : पेट्रोलपंपवाल्यानं चहा पाजला ना? गच्चीवरून सगळं दिसतं मला.

मातीवाली : पाणी दिलं. त्याच्या आवारातली मातीही तपासायला काढायची होती, काकू.

काकू : म्हणजे निकाल त्याच्याच बाजूनं. डिझेलचा वास माझ्या विहिरीला येतो, तक्रार मी केली, आणि पाहुणचार त्याचा.

मातीवाली : आधी मातीच्या या तीन नळ्या बघा. ही पंपाकडची. वरपासून खालपर्यंत स्वच्छ.

काकू : बदललेली असेल.

मातीवाली : तुमच्यासमोर काढली. झाकणावर सही तुमचीच आहे.

काकू : बरं. पुढची?

मातीवाली : ही विहिरीजवळची. वर काही नाही, आणि साडेनऊ फुटांवर हा काळा पट्टा. त्याखाली चिकणमाती. तेल तिच्यातून उतरत नाही, मग तिच्या पाठीवरून उताराकडे सरकत जातं.

काकू : पंपाचंच सरकत आलं असणार.

मातीवाली : पंप तुमच्या खालच्या अंगाला आहे. तेल चढ चढत नाही. शिवाय हे जुनं आहे. डिझेल सांडलं की हलका भाग उडून जातो. पचायला सोपा भाग मातीतले जंतू खातात. मागे चिवट तेवढं उरतं. इथे चिवटच उरलंय. वीस-पंचवीस वर्षांचं असावं. पंप होऊन आठ झाली.

काकू : कॉलेजात हेच शिकवतात वाटतं, म्हाताऱ्या बाईला गप्प कसं करायचं ते.

मातीवाली : तिसरी नळी मागच्या अंगणातली. वरपासून काळी. तिथे काय होतं, काकू?

(काकू नळी हातात घेतात, वास घेतात.)

काकू : यांचं गॅरेज. सुटे भाग डिझेलमध्ये धुवायचे. पण ते कुठे ओतत नव्हते हो. फार टापटीप माणूस.

मातीवाली : मग धुतलेलं डिझेल जायचं कुठे?

काकू : मी शिंपडायचे. रोज संध्याकाळी, झारीनं. धूळ बसायची, वाळवी लागायची नाही. सगळे म्हणायचे, अंगण असावं तर असं.

मातीवाली : किती वर्षं?

काकू : अकरा. तुमचा तो उतार माझ्या विहिरीपाशी थांबतो का?

मातीवाली : नाही. पंपाला वळसा घालून पुढे जातो. खाली आणखी एक विहीर आहे ना?

काकू : धाकट्या जावेची. दुसऱ्याच वर्षी आली होती सांगायला, वहिनी, पाण्याला वास येतोय. माझ्या नाकाला डिझेलची सवय, मला माझ्या विहिरीचंही काही जाणवत नव्हतं. मी म्हटलं, तुझी नाटकं आहेत, तुला भांडणच हवंय. तेव्हापासून बोलणं नाही. पाणी तेच पीत असेल का गं अजून?

मातीवाली : माहीत नाही. दोनदा गेले, दार उघडलं नाही. उद्या अहवाल द्यायचाय. तक्रारीत पंपाचं नाव आहे.

काकू : ते खोड. शिंपडणारी मी, तसंच लिही.

मातीवाली : विचार करून सांगा, काकू. माती उपसायचा खर्च मग तुमच्यावर येईल.

काकू : ते नंतर बघू. आधी तिच्याकडे जाऊ. मी हाक मारते, तू नळ्या घेऊन मागे उभी राहा. नुसत्या माझ्या बोलण्यावर ती कशाला विश्वास ठेवेल?