बदलीचं कारण

पुण्याच्या विद्यापीठात शिकताना मला इकडं सोलापूरच्या विद्यापीठात बदली कशी मिळाली, माहितीय का? अर्जात कारण काय द्यायचं यावर आम्हा रूमवाल्यांचा लई खल झाला आणि ठरलं, वडील आजारी. अण्णांना फोनवर बजावलं, "अर्ज मंजूर करणाऱ्या साहेबांसमोर नुसतं खोकायचं."

अण्णा मंगळवेढ्याहून आले ते खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊनच. "साहेबाकडं रिकाम्या हातानं जायचं व्हय?" म्हणत तीन जिने चढले. मागून मी, धापा टाकत.

साहेबांनी पोतं पाहिलं, मग मला पाहिलं. "यात आजारी कोण?"

अण्णांना तेव्हा कुठं खोकला आठवला. "मीच की! ह्यो नुसता दमलाय."

साहेब म्हणाले, "कारण बदला. पोरगा अशक्त, असं लिहा. आणि हे पोतं परत न्या, त्यालाच भाकरी घाला."