कागदाचा शेवटला ठोकळा

...न्हाई, न्हाई, हात लावू नका! पाव्हणं, तुमी आमच्या पोरीला भेटायला आलाव ना? मंग च्या प्या, पोरीला भेटा, निवांत बसा. ठोकळ्याला लांबूनच बघा. हाव, कागदाचाच हाय. आन् टिकतोय! तुमाला सांगतो, ह्या 'टिकतंय का'नं माझं पार वाटुळं केलंय बघा!

आता हे ऊन बघा. आमच्या जळकोटाकडं पत्र्याखाली माणूस घटकाभर बसला की निथळतोय. आन् आमची राजकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, ती बी ऐन वैशाखात! आमची रुक्मिणबाई म्हणली, "अहो, पोरीला काय पत्र्याखाली भाजायची हाय का?" मंग मी मोबाइलवर बघितलं... रद्दी भिजवायची, लगदा करायचा, शिमिट-वाळू कालवायची, साच्यात दाबायचं, वाळवायचं, झाला ठोकळा! हलका तर हलका, आन् खोली गार. म्हणलं, पोरीसाठी एक खोली आपल्या हातानं! म्हशीचा हौद अडवला, गावातली समदी रद्दी त्यात टाकली, आन् मी गुडघाभर लगद्यात उभा राहून तुडवायलोय, तुडवायलोय... तिकडून म्हैस बघायलीय, इकडून रुक्मिणबाई. दोघींचं मत एकच!

पण झाले की ओ! कंबर गेली, पण अंगणभर ठोकळे झाले! आता भिंत उचलायची, तवर शेजारचा वीरण्णा आला. देगलूरचा माणूस, बोलणं लई गोड. "वा रामकिशनराव, झकास जमलंय! बघू की, टिकतंय का!" आन् ठोकळा घेऊन चढला की त्याच्या माळवदावर! दिला वरून सोडून. न्हाई फुटला! माझी छाती ही एवढी फुगली. तर ह्यो म्हणतोय, "आं? फुटला कसा न्हाई?" परत वर. परत फेकला. फुटूस्तोर गडी घरी गेला न्हाई बघा!

मंग अंगणवाडीच्या पंचशीलाताई. "भाऊ, पाऊस लागल्यावर वो? बघू की, टिकतंय का!" ठोकळे हौदात! फुगले, पण विरघळले न्हाईत. मंग संगमेश्वर गुरुजी. त्यांनी सरळ चुलीतच घातला. रातभर नुसता धुमसला. सकाळी म्हणतेत, "जाळ धरला न्हाई, पास!" अहो गुरुजी, पण राख उरली की ओ नुसती! लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस, ज्याला मी वळखत बी न्हाई, तो खिळा मारून बघायलाय! असं करत करत समद्या गावानं अंगण रिकामं करत आणलं!

शेवटी भाचा आला, सुदर्शन. विष्णुपुरीला इंजिनेरिंग शिकतोय. "मामा, असं अडाण्यावानी न्हाई, शास्त्रशुद्ध बघू की, टिकतंय का!" म्हणलं, चला, ह्यो तरी शिकलेला हाय. एक सोडून राहिलेले समदे पोत्यात भरून घेऊन गेला. मंग फोन, "मामा, अभिनंदन! पास! लई ताकद हाय!" म्हणलं, "शाब्बास! आण मंग पोतं माघारी." तर म्हणतोय, "माघारी? मामा, मशीन फुटूस्तोर दाबतंय. फुटल्याबिगर कसं कळावं, कवा फुटतंय ते?" घ्या!

काल राजकन्या आली. दाराला ओलं बारदान बांधलंय, त्याच्या आड बसून घाम पुसायलीय बिचारी. "बाबा, माझी खोली कुठंय ओ?" उरलेला ह्यो एक ठोकळा दिला तिच्या हातात. लई वाईट वाटलं. रुक्मिणबाई म्हणली, "समदे ठोकळे पास झाले गं बाई, म्हणून तर भिंतीला एकबी उरला न्हाई." आज परत रद्दी भिजवलीय मी. कंबर नको म्हणतीय, पण पोरीचे दिवस भरत आलेत, करता काय?

...काय म्हणलाव पाव्हणं? ...अहो, इतका येळ मी काय सांगायलोय? ...फकस्त एकदाच? ...बरं. घ्या. वीरण्णाच्या माळवदाचा जिना मागल्या अंगाला हाय. जपून चढा बरं... तो जिना टिकतोय का, हे मातर आजवर कुणीच बघितलं न्हाई.