सोन्याच्या दातांवरचं कुंकू

आज सगळ्यात आधी कोण आलं, ठावं हाय का? चंद्रभागाबाई! वर्गाला रोज उशीर करनारी, आज सतरंजी घालायच्या आधी हजर. आन् बसलीय कुठं, तर खांबाच्या मागं. ये की पुढं, तुझं नाव मी घेनारच हाय!

तर अध्यक्ष बद्रीनाथतात्या, मंचावरचे समदे पावने, ज्यांच्यासाठी जमलो त्या आमच्या विजयमालाबाई, आन् तेलगावच्या लेकीसुनांनो, या भिवराबाईचा रामराम घ्या. भाषण मी सोताच टाइप केलंय, पर चष्मा घरी राहिला. तवा तोंडानंच बोलते.

बाईंनी दोन वर्षं आमा म्हाताऱ्यांना संगणक शिकवला. आता बदली झाली अंबाजोगाईला. पर औंदाच्या खंडेनवमीचं सांगितल्याबिगर मी त्यांना सोडत न्हाई.

बाई तवा सनाला घरी गेलत्या. आमी इळे-खुरपी पुजली. चंद्रभागाबाई म्हनली, "आगं, संगणकाला कावून सोडायचं? त्यो राबत न्हाई का?" पटलं. आमच्या संगणकात एक कार्ड हाय. त्याच्या जोरावर दुसरी डिस्क चालती, आन् आमचं समदं लिहिनं त्या डिस्कवर. ते काढा-घालायला बाईंनीच शिकवलेलं. हिनं ते काढलं, पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, परत बसवलं.

दसरा झाला, आन् तालुक्याचे दोन साहेब तपासनीला आले. "आजी, काम दाखवा." दाखवू काय, कपाळ? डिस्कच गायब! पडद्यावर कार्डाच्या नावापुढं नुसता पिवळा तिकोन.

साहेब म्हनले, "ड्रायव्हर बिघडलाय. मशीन भंगार. वर्ग बंद करा, म्हाताऱ्यांनी भजन करावं."

म्हनलं, "साहेब, भजन सांजंला करतो. दुपार मोकळीच असती."

ते म्हनले, परत येतो. काम दिसलं न्हाई, तर मशीन उचलून नेतो.

सांजंला बाई आल्या. ड्रायव्हर म्हंजे काय? नवी सून दारात आली, पर कुनी वळख करून दिली न्हाई, तर सासू तिला चहा मागंल का? कार्डाची वळख संगणकाला करून देनारा, त्यो ड्रायव्हर. बाईंनी जुना काढला, नवा घातला, बंद करून चालू केलं. तिकोन काही हालंना. बाई म्हनल्या, "मी ओळख करून देतेय, पण सून तोंडच उघडत नाही!"

मग वायर काढून संगणकाचा डबा उघडला. कार्डाचे खाचेत टेकनारे सोन्यासारखे दात कुंकवानं लाल!

"हे कुणी केलं?"

आमी समद्या आढ्याकडं बघाय लागलो. ही चंद्रभागाबाई म्हनती, "बाई, सवाशिनीचं कुंकू हाय, पुसू नगा!"

बाई रागावल्या? हसून हसून खाली बसल्या. पोराचं खोडरबर घेऊन दात घासले, कोरड्या फडक्यानं पुसले. कुंकवाचं बोट मातर वरच्या लोखंडी डब्याला लावलं. आन् या बारीला ड्रायव्हर मला घालाय लावला. म्हनल्या, "मी नसेन तेव्हा कोण घालणार?" मी एकेक अक्षर वाचत घातला. तिकोन गेला, डिस्क आली, आन् तिच्यात माझं नाव!

आता गावात काहीजन म्हनतेत, बाई चालल्या, वर्ग मोडला. कुनी मोडला? तात्या, या खोलीची किल्ली आमच्याकडंच राहनार. पुढच्या खंडेनवमीलाबी पूजा करनार, दात सोडून डब्याची. आन् कुंकू, चंद्रभागाबाई, तूच लावायचं!

बाई, तुमचे उपकार बोलून फिटायचे न्हाईत. मंडळी, तुमी ऐकून घेतलं, लई बरं वाटलं. काही कमीजास्त बोलले असंन, तर म्हातारीचं म्हनून पोटात घाला. साहेबांची मातर माफी मागत न्हाई. त्यांना निरोप द्या, संगणकापुढची खुर्ची रिकामी नसंल, मी बसलेली असंन. तपासनीला परत येतो म्हनलेत ना? येत्या गुरुवारी.